चौथी पायरी

बाई झाडांना अहो-जाहो करायच्या आणि माणसांना अरे-तुरे. कारखान्याचे मालक वयाने त्यांच्या बरोबरीचे, पण तेही 'अरे'. शेडमागच्या कुंपणात उगवलेली भारंगी मात्र 'अहो'. मी नोकरीवर रुजू झालो त्या सकाळी बाई छत्रीची मूठ एका फांदीत अडकवून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "जरा वाकता का?" मला वाटलं, मलाच म्हणतायत. मी वाकलो. त्यांनी वळून पाहिलं.

"तू कशाला वाकतोस? तुझी पानं नकोयत मला."

कारखान्यातली जुनी माणसं अजून कुठे भेटली की असले किस्से निघतात. मीही सांगतो, हसतो. फक्त एक गोष्ट सोडून सांगतो. ती सोडली की बाईंचं चित्र जुळत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ती धरली तरी जुळत नाही, हे अलीकडे कळलं. म्हणून आता जसं आठवेल तसं लिहितो. नाव लिहीत नाही. त्यांचंही नाही, माझंही नाही.

जुन्या पनवेलमध्ये आयुर्वेदिक औषधांचा एक लहानसा कारखाना होता. गल्लीत शिरलं की काढ्याचा वास अंगावर यायचा. पाहुणे नाक मुरडायचे आणि आम्हाला तो वास येतच नसे. कारखान्याच्या मागे पत्र्याची शेड होती, तिच्यावर 'संशोधन विभाग' अशी पाटी. त्या विभागात बाई, मी आणि पाला निवडणाऱ्या दोन बायका. बाई आधी कुठल्याशा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. तिथून का बाहेर पडल्या याची दंतकथा अशी, की एका मुलाने उत्तरपत्रिकेत 'निश्चित सांगता येत नाही' एवढंच लिहिलं आणि बाईंनी त्याला पूर्ण मार्क दिले. खरं-खोटं मी कधी विचारलं नाही. पण शेडमध्ये त्या आम्हाला मार्क द्यायच्या ते याच हिशेबाने.

सकाळी दारातच थांबवायच्या. तळहातावर एक पान ठेवायच्या. "चाव. काय आलं?"

मी म्हणायचो, "कडू."

"कडू हे उत्तर नाही. कारल्यासारखं कडू, की निंबासारखं, की माणसासारखं?"

यावर काय बोलायचं हे मला नऊ वर्षांत सुचलं नाही. तोंड वेडंवाकडं झालं की त्या पर्समधून गुळाचा खडा काढून द्यायच्या. आधी पान, मग गूळ, हा क्रम कधी चुकला नाही. आत आलेला प्रत्येक माल त्या स्वतः चाखायच्या. पोत्यावर पावती काहीही असो, जीभ सांगेल ते खरं. व्यापारी त्यांना टरकून असत. एकाने पांढऱ्या कुड्याच्या सालीत दुसरीच साल मिसळून आणली, तर त्यालाच समोर बसवून दोन्ही चावायला लावल्या आणि म्हणाल्या, "सांग बघू तूच, यातला तू कुठला?"

वनस्पती दाबून वाळवायच्या त्या वर्तमानपत्रांत. त्यातही नियम. निधनवार्तांच्या पानात ताजं झाड ठेवायचं नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांची लेबलं करायची, कारण तो कागद जाड असतो आणि, बाईंच्या मते, आनंदाने छापलेला असतो. लेबलावर चार ओळी सगळीकडेच असतात: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. बाईंच्या लेबलावर पाचवी ओळ असे: 'कोणी दाखवलं'. कर्नाळ्याच्या वाटेवरचा गुराखी, प्रबळगडाच्या वाडीतली ठाकरीण, कुणाची तरी आत्या. मी एकदा म्हणालो, की बाई, हे झाड तर आपल्यालाच सापडलं. त्या म्हणाल्या, "झाड सापडत नाही रे. कोणीतरी आपल्याला दाखवतं. कधीकधी आपण त्याचं नाव विचारायला विसरतो, एवढंच."

वाचलेल्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात त्या पेन्सिलने बारीक ठिपका देत. ठिपका आहे म्हणजे बाईंनी वाचलंय. ठिपका नाही म्हणजे नाही. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

आणि एक म्हणत: "गोंधळ झाला की वही काढायची. लोक खात्री झाल्यावर काढतात."

माझं काम कागदांचं होतं. कुठलं औषध कसं करायचं, कुठल्या पायरीला काय, किती, कुणाची सही, हे सगळं टाईप करून फायलीत ठेवायचं. बाई हिंडायच्या, चाखायच्या, भांडायच्या. मी कागद सांभाळायचो. मला त्याचा अभिमान होता. बाईंच्या गबाळ्या वह्यांतून मी स्वच्छ, आकडे घातलेली पानं काढायचो आणि मनात म्हणायचो, की शास्त्र म्हणतात ते हे.

आता पाल्याचं सांगतो.

पनवेलजवळच्या ओवे गावात एक म्हातारी होती. माहेर उरणकडचं, लहानपण आणि तरुणपण मिठागरात गेलेलं. मुलाने जमीन विकून चार मजली घर बांधलं, घराला आईचं नाव दिलं, आत लिफ्ट बसवली. आजी लिफ्टमध्ये पाय ठेवायच्या नाहीत. खाली पार्किंगमध्ये दोन मोठ्या गाड्यांच्या मधे पाटा-वरवंटा मांडून बसलेल्या असत. बाईंना त्यांचा पत्ता कोणी दिला ते लेबलावर लिहिलेलं होतं, मला आठवत नाही.

बाईंनी त्यांच्यासमोर फतकल मारली आणि पहिलंच वाक्य टाकलं, "आजी, तुमचे पाय दाखवा." आजींनी दाखवले. सत्तरीच्या पुढच्या, अर्धा जन्म मिठात उभ्या राहिलेल्या बाईच्या टाचा, आणि एक भेग नाही.

"आमचे पाय मिठागरान फुटाचे," आजी म्हणाल्या. "भेगंन मीठ गेला का रातभर डोला लागत नाय. मंग सासू ह्यो पाला वाटून बांधाची."

कुठला पाला ते मी इथे लिहीत नाही. खाडीच्या बांधांवर होतं ते झाड. बांध गेले तसं गेलं. ओव्याच्या डोंगराच्या पायथ्याशी थोडं उरलं होतं. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, "येऊ का?" म्हणाल्या, आणि मग पान तोडून जिभेवर ठेवलं. परत येऊन पुन्हा आजींसमोर बसल्या आणि वही काढली.

आजींनी पाला वाटून दाखवला. वाटून झाल्यावर मला वाटलं, आता चुलीवरचं तेल ओततील. आजींनी हात तसेच मांडीवर ठेवले.

"आधी नावं घ्याची," त्या म्हणाल्या. "जिनी जिनी ह्यो पाला दिला तिचा नाव. मंगच त्याल."

"आणि नाही घेतली तर?" बाईंनी विचारलं.

"तं तो नुसता पाला."

मग त्यांनी नावं घेतली. पहिली पोशीबाय, मोऱ्याची, म्हणजे उरणजवळच्या मोरा बंदराची, तिने मचवा हाकणाऱ्या तांडेलाचे पाय उभे केले. दुसरी चांगुबाय, तिचं माहेर, तिने कुणाकुणाचे पाय बरे केले. अशा सहा. प्रत्येकीला घाई न करता पुरती बोलावून आणल्यासारखं. माझ्यासमोरच्या चहावर जाड साय धरली तरी यादी चालूच. सातवं नाव आजींचं स्वतःचं, कारण आता त्या आम्हाला देत होत्या. "तुमी वाटाल तवा माजा पन घ्या," म्हणाल्या, आणि तेल ओतलं.

बाईंनी शेडमध्ये तसंच केलं. अगदी तसंच. दोघी बायका पाला वाटायच्या, मग हात मांडीवर ठेवून सात जणींची नावं, माहेरं, पाय. बाई डोळे मिटून उभ्या. मग तेल. आणि मला लिहून दिलं ते असं: 'पायरी चौथी. पाला देणाऱ्या सात जणींची नावे, माहेर व त्यांनी बरे केलेले पाय यांसह, सावकाश घेणे. घेणारीची सही.'

मी म्हणालो, "बाई, हे कागदावर घालायचं?"

"म्हातारीने सांगितलं त्यातलं खरं कुठलं आणि उगीचचं कुठलं, तुला कळतं?"

"नाही."

"मलाही नाही. कळेपर्यंत सगळं लिहायचं."

मलम चांगलं झालं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो, फार थोड्या गोष्टींबद्दल सांगू शकतो त्यांतली ही एक. तपकिरी, मऊ, वर्षभर बरणीत ठेवलं तरी वास न सुटणारं. शेडमधल्या बायका, गेटवरचा गुरखा, मालकांची आई, सगळ्यांनी टाचांना लावलं. बाई तीन वर्षं त्याच्यामागे होत्या. कुठल्या ऋतूतलं पान, किती जून, कुठलं तेल. ते मलम हे त्यांच्या आयुष्याचं काम आहे, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. पण त्या तीन वर्षांत त्यांनी दुसऱ्या कशाबद्दल विचारलंही नाही.

मग मुंबईची एक मोठी कंपनी बघायला येणार असं ठरलं. पसंत पडलं तर ते मलम देशभर जाणार होतं. मालक मला एवढंच म्हणाले, की कागद स्वच्छ ठेवा. त्यांनी चौथ्या पायरीचं नाव काढलं नाही. त्यांना ती माहीत होती की नाही, हेही मला माहीत नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की मालकांनी सांगितलं. नाही सांगितलं.

त्याच आठवड्यात बाई डोंगराच्या उतारावर घसरून पडल्या. घोटा मोडला, चष्मा फुटला. पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर. नवा चष्मा यायला आठ दिवस होते आणि कागदांवर त्यांची सही उद्या हवी होती.

मी रात्रीच कागद नवे केले होते. बारा पायऱ्यांच्या अकरा केल्या. चौथी काढली आणि पाचवीला चौथी केलं. मला लाज वाटत होती हो, दुसरं काही नाही. टाय लावलेली माणसं ते पान उलटतील, पोशीबाय मोऱ्याची वाचतील आणि एकमेकांकडे बघतील, हे मला दिसत होतं. मी बीएस्सी झालेला माणूस होतो.

बाईंच्या घरी, तळ्याजवळ, मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. माझ्याकडे परत दिला.

"मला फक्त मुंग्या दिसतायत. वाच तू."

मी वाचायला लागलो. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. चौथीपाशी आलो. कागदावर होतं, 'तेल तापवून ओतणे.' बाई मान खाली घालून ऐकत होत्या, बोटांनी स्टुलाच्या कडेवर पायऱ्या मोजत होत्या.

आणि मी वाचलं, "पायरी चौथी. पाला देणाऱ्या सात जणींची नावे, माहेर व त्यांनी बरे केलेले पाय यांसह, सावकाश घेणे. घेणारीची सही."

पाठच होतं ते मला. एक अक्षर अडखळलं नाही. मग पुढच्या पायऱ्यांना एकेक आकडा वाढवून वाचत बारावर आलो. बाईंनी हात पुढे केला, मी पेन दिलं, बोटाने जागा दाखवली, त्यांनी सही केली. ठिपका दिला नाही. वाचलं नव्हतं ना.

तीच ती गोष्ट, जी मी सोडून सांगतो.

मुंबईच्या लोकांना कागद आवडले. पहिला मोठा माल नव्या मशीनवर करायचा होता. पाल्याची पोती दूरच्या खाड्यांवरून आली, त्यांतली पानं बाईंनी घरीच चाखून पास केली. शेडमधल्या दोघींपैकी थोरलीने मला विचारलं, "नावं घ्यायची नाहीत का?" मी म्हणालो, "आता मशीन आहे." पाला एका बाजूने वाटला जात होता आणि दुसऱ्या बाजूने गरम तेलात पडत होता. मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती.

महिन्याभरात बरण्या परत यायला लागल्या. मलम काळं पडलेलं, झाकण उघडवत नाही असा वास. लावलेल्यांच्या टाचांना कंड सुटली. बाई काठी टेकत शेडमध्ये आल्या, नवा चष्मा लावून. बरणी उघडली, बोट घातलं आणि आम्ही सगळे बघत असताना ते जिभेवर ठेवलं.

"हे ते नाही," त्या म्हणाल्या.

मग तपासणी सुरू झाली. पान कुठलं, कुणी तोडलं, तेल कुठलं, पाणी लागलं का, भांडं कुठलं. एकेक नोकराला बसवून विचारलं. शेवटी मला.

"कागदाप्रमाणेच केलं ना?"

"हो बाई. कागदाप्रमाणेच."

हे खरं होतं. माझ्या आयुष्यात मी इतकं खरं आणि इतकं खोटं एकाच वेळी बोललेलो नाही. त्यांनी फाईल मागितली. मी दिली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. त्यांनी ती घरी नेली, दोन दिवसांनी आणून दिली. त्या पानाच्या कोपऱ्यात आता ठिपका आहे का, एवढंच पाहायचं होतं. फाईल माझ्याच कपाटात होती. मी पाहिलं नाही. पुढे कारखाना हलवताना जुनी कपाटं रद्दीत गेली, आणि ते पान त्यात गेलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी बाई माझ्या टेबलाशी आल्या. वर्तमानपत्रात बांधलेला बुंदीचा लाडू टेबलावर ठेवला. ओव्याच्या आजी गेल्या होत्या, आदल्या दिवशी तेरावं झालं होतं, बाई जाऊन आल्या होत्या. मी गेलो नव्हतो. बाई म्हणाल्या, टाईप कर. त्यांनी मालकांना पत्र सांगितलं. वनस्पती ओळखण्यात चूक झाली. दिसायला सारखं दुसरं झाड पोत्यांत आलं आणि ते मला ओळखता आलं नाही. दोष सर्वस्वी माझा आहे. माझ्या जिभेवर आता माझा भरवसा उरलेला नाही.

मी टाईप केलं. प्रत्येक शब्द. 'भरवसा' लिहिताना चुकलो, खोडून पुन्हा लिहिला. बाईंनी वाचलं, सही केली, कोपऱ्यात ठिपका दिला आणि म्हणाल्या, "लाडू खा." मी खाल्ला.

संशोधन विभागाची पाटी उतरली. जायच्या आधी त्या महिनाभर येत होत्या, पण सकाळी दारात कुणाला थांबवायच्या नाहीत. पोती आली तर नुसत्या बघायच्या. पान जिभेवर ठेवताना त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही. इतर कशापेक्षाही तेच मला छळतं. एका माणसाला डोळे असतात, एकाला कान असतात. बाईंना जीभ होती, आणि ती मी काढून घेतली असं मी धरून चाललो.

काही वर्षं गेली. मी दुसरीकडे लागलो, तिथेही कागदच. रोडपालीला फ्लॅट घेतला. एका संध्याकाळी बायको फोनवर स्वयंपाकाचा व्हिडिओ बघत होती आणि त्यातली बाई सांगत होती, की लसूण ठेचला की लगेच तेलात टाकू नका. थोडा वेळ तसाच ठेवा, ठेचल्यावर त्यात काहीतरी तयार व्हायला वेळ लागतो आणि गरम तेलात ते थांबतं. बायकोने लसूण ठेचून बाजूला ठेवला. मी ओट्याशी उभा होतो, तो उभाच राहिलो. तिने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

रविवारी ओव्याच्या डोंगराखाली जाऊन ओंजळभर पाला आणला. दोन वाट्या केल्या. एकीत वाटल्याबरोबर तेल ओतलं. दुसरीत तेल ओतण्याआधी बाल्कनीत बसून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, सात नावं घेतली. पंधरा दिवसांत पहिली वाटी काळी पडली, घाण सुटली. दुसरी तपकिरी, मऊ. म्हणजे नावांमुळे झालं, की नावं घ्यायला लागणाऱ्या वेळामुळे, हे मला दोन वाट्यांवरून सांगता येत नाही. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, तिसरी वाटी कर, नुसतं घड्याळ लावून. मी केली नाही. दोन्ही फेकल्या. बायकोला सांगितलं, ऑफिसचं होतं.

पण झाड चुकलं नव्हतं, बाईंची जीभ चुकली नव्हती, एवढं पक्कं झालं. आणि बाई जिवंत होत्या. रिक्षाने अर्ध्या तासाच्या अंतरावर. मला जायला पाच महिने लागले.

गेलो तेव्हा त्या अंगणातल्या अडुळशाशी काहीतरी कुरबुर करत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ये. जाडा झालास." आत बसलो. त्यांनी रोडपालीच्या हवेपासून माझ्या मुलीच्या बारावीपर्यंत सगळं विचारलं. मी घरून वाक्य तयार करून नेलं होतं, ते मनात घोळवत होतो. मध्येच त्या थांबल्या.

"काही सांगायचंय का तुला?"

मी म्हणालो, "नाही, सहज आलो."

"बरं."

त्या उठल्या, फडताळातून डबा काढला आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. पान न देता. मी तो हातात धरून बसलो. खायचा की नाही ते कळेना. शेवटी खाल्ला आणि निघालो. त्या वर्षी थंडीत बाई गेल्या. पुतणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कुठल्याशा पायऱ्यांना आकडे घालत होतो.

परवा ओव्याला गेलो. कशासाठी ते नीट सांगता येत नाही. जिथे सांगायचं तिथे सांगितलं नाही, निदान दुसऱ्या घरी तरी सांगावं, असं काहीतरी असेल. आजींचं घर आता मोठमोठ्या टॉवरच्या सावलीत बुटकं दिसतं. पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधे तोच पाटा, आणि त्याच्यासमोर आजींची सून. पूर्वी बँकेत होती, पंजाबी ड्रेस, कपाळावर चष्मा. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर टॉवरचा वॉचमन बूट काढून बसलेला. दिवसभर बुटात उभं राहून त्याच्या टाचा उकलल्या होत्या. बाजूला गॅसच्या लहान शेगडीवर तेलाचं पातेलं.

मी म्हणालो, बाईंबरोबर कारखान्यात होतो. नाव सांगितलं नाही. तिने खुर्ची मागवली.

"बाईंमुळेच तर हे राहिलं," ती म्हणाली. "सासूबाई अचानक गेल्या. मी कधी शिकलेच नव्हते त्यांच्याकडून, मला वेळ कुठे होता. तेराव्याला बाई आल्या काठी टेकत. सगळे जेवत होते आणि मला इथे बसवलं. पाला वाटायला लावला, नावं म्हणून घेतली. तेल ओतल्यावर बोट घालून चाखलं."

मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'हे ते आहे.' लाडू बांधून दिला त्यांना मी."

तो लाडू मी खाल्ला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्र टाईप करून झाल्यावर. म्हणजे, आपली जीभ गेली असं बाईंनी मला लिहायला सांगितलं, त्याच्या आदल्या दुपारी त्या जिभेने, या फरशीवर बसून, हेच खरं मलम ओळखलं होतं. मग पत्र कुणासाठी होतं? फाईल घरी नेली तेव्हा वाचली होती का? शेडमधल्या थोरलीने सांगितलं होतं का? आणि सगळं कळलं असेल तर पुढे एकही पान त्यांनी जिभेवर का ठेवलं नाही? मी एक धरतो तर दुसरं सुटतं.

सुनेने वरवंटा बाजूला ठेवला. हात मांडीवर ठेवले. पहिली पोशीबाय, मोऱ्याची. चांगुबाय. तिसरी, चौथी. वॉचमन आदबीने हात जोडून ऐकत होता, त्याला त्यातलं काही कळत नसणार. सातव्या, सासूबाई. आठव्या बाई, पूर्ण नावाने, तळ्याजवळच्या, झाडांना अहो म्हणणाऱ्या. मला वाटलं, झालं.

तिने नववं नाव घेतलं. ते माझं होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"यांनी कागद सांभाळला," ती म्हणाली.

मी म्हणालो, "ते मी."

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "हो का? बाई म्हणाल्या होत्या, त्यांचंही घ्यायचं. बाकी सगळ्या बायकाच, म्हणून मी विचारलं होतं तेव्हा. तर म्हणाल्या, घे तू."

"ते नाव काढा," मी म्हणालो. "तुम्हाला माहीत नाही."

तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. "तेल अजून तापायचंय. सांगा ना, वेळ आहे."

मग मी सांगितलं. चौथी पायरी, फुटलेला चष्मा, मी काय वाचलं आणि कागदावर काय होतं, लाडू, पत्र, गूळ. वॉचमनसमोर, लिफ्टमधून ये-जा करणाऱ्या तिच्या मुलांसमोर. सांगायला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. बाईंच्या घरी त्या दिवशी तेवढा वेळ होता. ती ऐकत होती, आणि तिची नजर अर्धी माझ्यावर, अर्धी वाटलेल्या पाल्यावर होती. पाला हळूहळू हिरव्याचा तपकिरी होत होता.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"नाव मी नाही काढणार. मला कुठे अधिकार. बाईंनी घातलंय, त्यांनाच विचारा."

आणि तिने तेल ओतलं. जुना, ओळखीचा वास पार्किंगभर झाला. तिने बोटावर थोडं मलम घेतलं, मला वाटलं वॉचमनला लावेल. तिने बोट माझ्यापुढे केलं.

"बघा," ती म्हणाली, "बरोबर झालंय का."

मी ते जिभेवर ठेवलं. कडू होतं.